घर तेच, मुलूख परका : रायपूरचा ब्राह्मणपारा

हावड्याकडे जाणारी गाडी नागपूरहून निघाली की भंडारा आणि गोंदिया मागे पडतात. मग डोंगरगढ, राजनांदगाव, दुर्ग अशी स्टेशने घेत सुमारे ३०० किलोमीटरवर रायपूर येते. छत्तीसगडच्या या राजधानीचा जुना भाग आझाद चौक, कंकाली तलाव आणि बूढा तालाब यांच्या आसपास पसरलेला आहे. तिथेच ब्राह्मणपारा आहे. ‘पारा’ म्हणजे आपल्याकडची आळी. शेजारच्या वस्तीचे नाव ऐकले तर मराठी माणसाचे कान टवकारतील. तिला तात्यापारा म्हणतात.

या जुन्या वस्तीत मराठी आडनावांची घरे आजही आहेत. दारात रांगोळी असते, देवघरात गणपती असतो आणि स्वयंपाकघरातून गोडा मसाल्याचा वास येतो. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की मात्र हिंदी सुरू होते. भाजीवालीशी आणि कामवाल्या बाईशी छत्तीसगडी बोलायची, दुकानात आणि कचेरीत हिंदी वापरायची, घरात मराठी. एकाच दिवसात तीन भाषा बोलणारी ही माणसे परमुलखात राहतात असे आपण सहज म्हणतो. पण हा मुलूख परका झाला तरी कधी?

सरहद्द हलली

मराठी माणूस इथे आला तो भोसल्यांच्या पाठोपाठ. १७४१च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांनी रतनपूरवर स्वारी केली. पुढे पहिल्या रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. तिथल्या रामटेकडीवरचे राममंदिर त्यांच्याच काळातले. इंग्रजांच्या अमदानीत, १८१८ नंतर, कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपुरास आले आणि लेखणी चालवणारी मराठी मंडळी त्या शहरात स्थिरावत गेली. पुढे रेल्वेने नागपूर आणखी जवळ आणले.

१९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. या प्रांतात हिंदी आणि मराठी दोन्ही भाषा नांदत होत्या आणि त्याची राजधानी नागपूर होती. सरकारी काम असो की हायकोर्टातला दावा, रायपूरकर नागपूरची गाडी धरी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि राजधानी दूर भोपाळला गेली. ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी कुटुंबाने बिऱ्हाड हलवले नव्हते. हलली होती सरहद्द. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर स्वतःच राजधानी बनले. नागपूर मात्र दुसऱ्या राज्यातच राहिले.

जमेची बाजू

इथे राहण्याचे फायदे विचारले तर जुने रहिवासी पहिला मान देतात तो शेजाराला. परका म्हणून कुणी कधी हटकले नाही, असे ते सांगतात. याला साक्ष इतिहासाचीही आहे. मराठी घरात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. त्यात त्यांना रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे यांची साथ होती. सप्र्यांनी दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत नेले. रायपूरने सप्र्यांचे नाव शाळेला दिले आणि लाख्यांच्या नावाने एक वस्तीच वसली, लाखेनगर. परमुलखातून आलेल्यांना असा मान फार थोड्या गावांत मिळतो.

सणावारांतही फारसा परकेपणा नाही. बैलांचा पोळा इथेही असतो. हरतालिकेला इथे ‘तीजा’ म्हणतात. त्यासाठी लेकी माहेरी येतात आणि उपवासाच्या आदल्या रात्री कारल्याच्या भाजीबरोबर भात खातात. ठेठरी आणि खुरमी मराठी घरांच्या डब्यांतही जाऊन बसली आहेत. मुले तीन भाषा सहज शिकतात, ही तर आयुष्यभराची शिदोरी.

वजाबाकी

तोटे सांगताना मात्र आवाज जरा खाली येतो. पहिली अडचण पंचांगाची. इथला महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो आणि आपला अमावास्येनंतर. म्हणून शेजारणीचा सावन आपल्या श्रावणाआधी पंधरा दिवस लागतो आणि आपला श्रावण अर्धाच सरलेला असतो तेव्हा तिचा भादो सुरू होतो. पोळ्याचा दिवस दोघींचा एकच, पण महिन्याचे नाव वेगळे. नव्या सुनेची पहिल्या वर्षी चांगलीच तारांबळ उडते.

दुसरी अडचण नातेवाइकांची. लग्नमुंजीला पुण्या-मुंबईला जायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि सुट्ट्यांचा हिशेब. मुलामुलींची लग्ने जमवताना ‘इतक्या लांब?’ हा प्रश्न ठरलेलाच. आणि पुण्याला पोहोचल्यावर भावंडे हसून म्हणतात, ‘तुमची मराठी हिंदी वाटते हो!’ रायपुरात मराठी आणि पुण्यात हिंदीवाले, अशी ही दुहेरी ओळख मुलांना बोचते.

पण सर्वांत मोठा तोटा आहे तो भाषेचा, आणि त्याचा उगम त्या जमेच्या बाजूतच आहे. अमेरिकेतल्या मराठी घरात भाषा धोक्यात आहे हे आईबापांना रोज दिसते, कारण बाहेरची लिपी आणि सण सारेच वेगळे असते. म्हणून तिथे १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले आणि सुटीच्या दिवशी मराठी शाळा भरू लागल्या. तंजावरकडची मराठी घरे तर सतराव्या शतकापासून तमिळ मुलखात आहेत आणि आपली जुन्या वळणाची मराठी घरात अजून बोलतात. भोवतालची भाषा इतकी निराळी असली की घरातली भाषा वेगळी उठून दिसते. रायपुरात तसे होत नाही. लिपी तीच, देव तेच, निम्मे शब्दही तेच. एकेक मराठी शब्द हळूच हिंदी होत जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण बोलके आहे. मराठी घरातले गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शेवटच्या आजारपणापर्यंत राजनांदगावच्या कॉलेजात शिकवत होते आणि हिंदीचे थोर कवी म्हणून १९६४ साली गेले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध नागपुरास राहिले आणि मराठीत लिहिते झाले. १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मराठी ग्रंथासाठी मिळाला. एका आईची दोन मुले दोन भाषांची झाली. यात हिंदीचे भले झाले, मराठीचेही झाले. पण दोन्ही भाषा सांभाळणे प्रत्येक घराला जमतेच असे नाही.

सांभाळायचे कसे?

रायपूरकरांनी हे ओळखले नाही असे नाही. चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून उभे आहे. गणेशोत्सव आणि मराठी नाटके यांच्या निमित्ताने विखुरलेली घरे तिथे एकत्र येतात. २०२२ पासून नागपूर-बिलासपूर वंदे भारत गाडीही रायपुरावरून धावते, त्यामुळे नागपूरची ये-जा सुकर झाली आहे. तरी खरी शाळा घरातच भरते. इथल्या मुलाला देवनागरी येतेच. अमेरिकेतल्या मुलापेक्षा त्याची अर्धी वाट आधीच सरलेली असते. रोज रात्री एक मराठी गोष्ट वाचून घेतली, आजीशी हिंदीत बोलायचे नाही एवढा नियम पाळला, तरी पुष्कळ साधते.

कारण हिंदीच्या वर्णमालेत नाही असे एक अक्षर या घरांत अजून आहे. आजी नातवाला ‘बाळ’ म्हणून हाक मारते. शाळेत जाऊ लागलेला नातू तोच शब्द ‘बाल’ असा म्हणतो, आणि हिंदीत त्याचा अर्थ होतो केस. आजी हसते, त्याला जवळ घेते आणि जीभ टाळूला कशी लावायची ते पुन्हा एकदा दाखवते. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात ‘ळ’ उमटतो. ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या घरात मराठी त्या दिवसापुरती तरी टिकलेली असते. उद्या पुन्हा शिकवावे लागेल, हे आजीला ठाऊक असते.