सतरा गोळ्यांची बंदूक

अब्बांच्या चुलत्यांचं नाव उस्मान. ते प्लेव्हनाच्या उस्मान पाशावरून ठेवलं, असं अब्बा सांगायचे. तिसरे खलिफा हजरत उस्मान यांच्यावरून ठेवलं असण्याची शक्यता जास्त, पण तसं बोलून दाखवायची माझी हिंमत नव्हती. १८७७ साली तुर्कांची रशियाशी लढाई जुंपली तेव्हा हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी तुर्कांसाठी वर्गण्या गोळा केल्या होत्या. त्या दिवसांचे किस्से आजोबांकडून अब्बांकडे आले. त्यांत पाशापेक्षा त्याच्या शिपायांची बंदूकच मोठी असायची. "सतरा गोळ्या, बेटा! खालची कडी ओढली की धाड, ओढली की धाड. रूसी पडतच गेले."

त्या जातीची बंदूक मी हातात घेतली ती साठी उलटल्यावर, अमेरिकेत लेकीकडे गेलो तेव्हा. तिचे शेजारी हरणांच्या शिकारीला जाणारे. ते मला चांदमारीच्या मैदानावर घेऊन गेले. पहिली गोळी सुटली. मग मी लिव्हर ओढली, अगदी हलक्या हाताने. दुसऱ्याची वस्तू, मोडायला नको म्हणून. लिव्हर परत वर ढकलली तर मध्येच अडकली. रिकामी पुंगळी पुरती बाहेर पडली नव्हती आणि नवं काडतूस तिच्याखाली नाक खुपसून बसलं होतं. मला वाटलं, बंदूक बिघडली. शेजारी हसले. म्हणाले, "चाचा, बंदूक ठीक आहे. तुम्ही तिला अर्धंच काम सांगितलंत."

लेकीकडे परतल्यावर मी त्या यंत्रावर जे मिळेल ते वाचून काढलं. रचना मोठी देखणी आहे. नळीखाली दुसरी नळी, तीत काडतुसं आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक, आणि पुढून स्प्रिंग त्यांना मागे रेटते. लिव्हर खाली गेली की बोल्ट मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, घोडा चढवतो. नवं काडतूस उचलून वर आणलं जातं. लिव्हर वर आली की ते नळीत बसतं. ही सगळी कामं एकाच ओढीत. म्हणून ओढ अपुरी पडली की सगळंच अर्धवट राहतं. घाबरलेला माणूस हीच चूक करतो, आणि माझ्यासारखा संकोची माणूसही.

खोड्या आणखीही आहेत. १८६० च्या हेन्री रायफलीत काडतुसांची नळी खालून फटीसारखी उघडी होती, तीत माती जायची. १८६६ च्या विंचेस्टरमध्ये ती नळी बंद केली आणि काडतुसं भरायला बाजूला एक झडप दिली. तिच्यात काडतूस उचलणारा पितळी ठोकळा ठरावीक मापाचा. काडतूस जरा लांब असलं की ठोकळा वर सरकत नाही. फार आखूड असलं तर मागचं काडतूस आत डोकावतं आणि पुन्हा तेच. टोकदार गोळीचा धोका वेगळाच. मधोमध टोपी असलेल्या काडतुसांत एकाचं टोक पुढच्याच्या टोपीवर टेकतं, धक्का बसला तर नळीतच स्फोट. म्हणून १८९५ च्या विंचेस्टरमध्ये नळी काढून पेटीसारखी मॅगझिन आली. गंमत बघा, पहिल्या महायुद्धात या १८९५ च्या बंदुका तीनेक लाख घेतल्या त्या रशियानेच.

आता प्लेव्हना. हे आजचं बल्गेरियातलं प्लेव्हेन. (बल्गेरियन माणसाला ही लढाई त्याच्या स्वातंत्र्याची वाटते. अब्बांना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.) तुर्कांनी १८७०-७१ मध्ये १८६६ च्या विंचेस्टर घेतल्या, ४५,००० मस्केट आणि ५,००० कार्बाइन. पण तिचं काडतूस दुबळं, मारा जवळचा. लांबून रशियनांना टिपत होती ती पीबॉडी-मार्टिनी. तिलाही खाली लिव्हर, पण दर वेळी एकच गोळी, हाताने भरायची. रशियन जवळ आले की शिपाई ती बाजूला ठेवून विंचेस्टर उचलायचे. खंदकात जवळच काडतुसांच्या पेट्या उघड्या ठेवलेल्या. वाचताना मला सतरा गोळ्यांपेक्षा त्या पेट्यांचंच महत्त्व जास्त वाटलं. खंदक आणि पेटी नसती तर सतरा गोळ्या किती वेळ पुरल्या असत्या?

जुलैपासून सप्टेंबरपर्यंत रशियनांनी तीन मोठे हल्ले केले. हजारो माणसं पडली, गाव काही हाती लागेना. मग त्यांनी तोतलेबेन या इंजिनिअर सेनानीला बोलावलं. त्याने हल्ले बंद केले आणि वेढा आवळला. धान्याच्या वाटा तुटल्या. बंदुकांना खायला होतं, त्या चालवणाऱ्यांचं धान्य संपत आलं. थंडी वाढली, रोगराई आली. १० डिसेंबरला उस्मान पाशाने वेढा फोडून निघायचा प्रयत्न केला, पायाला जखम झाली आणि त्याच दिवशी त्याने शरणागती पत्करली.

अब्बांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांनी हा किस्सा मला किती वेळा सांगितला असेल, मोजदाद नाही. चहा निवायचा, आवाज चढायचा, खुर्चीच्या हातावर त्यांचा हात कडी ओढत राहायचा. तिसऱ्या हल्ल्यापाशी रूसी मागे पळायचे आणि अब्बा थांबायचे. डिसेंबरपर्यंत ते कधी पोचलेच नाहीत. त्यांना तो ठाऊक नव्हता की ते तिथे मुद्दाम थांबायचे, हे मला आता कुणाला विचारता येत नाही.