काकांचं न दिलेलं मत

दोन वर्षांपूर्वी पाच महिने ऑनसाईट होतो, न्यूयॉर्कला. ऑफिस मॅनहॅटनमध्ये, पण तिथली भाडी बघून डोळे पांढरे झाले, म्हणून क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला एका गुजराती काकांकडे खोली घेतली. काका मूळचे मुलुंडचे, त्यामुळे मराठी झकास. रविवारी सकाळी आलं घातलेला चहा आणि काकांच्या गप्पा हे भाड्यातच धरलेलं होतं बहुतेक :-)

अशाच एका रविवारी टीव्हीवर अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ दिसली आणि काका म्हणाले, "हिच्या पहिल्या निवडणुकीत हिच्या पोरीने माझ्याकडे मत मागितलेलं. मी दिलं नाही. म्हणजे देताच आलं नाही."

तर ही त्या मताची गोष्ट.

आधी थोडं बॅकग्राउंड. (ज्यांना प्रायमरी म्हणजे काय ते माहिती आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.)

आपल्याकडे उमेदवार कोण हे पक्ष ठरवतो. वरून ए-बी फॉर्म आला की विषय संपला. ज्याचं तिकीट कापलं तो एकतर गप्प बसतो, नाहीतर बंडखोरी करतो. तिकडे काँग्रेसच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या, निवडणुकीत पक्षाचा उमेदवार मतदारच ठरवतात. न्यूयॉर्कमध्ये तर त्या पक्षात नाव नोंदवलेल्या मतदारांनाच ते मत असतं. ही प्रायमरी. मुख्य निवडणूक नोव्हेंबरमध्ये. पण जिथे एकाच पक्षाचं राज्य आहे तिथे नोव्हेंबर म्हणजे नुसता उपचार. न्यूयॉर्कचा चौदावा मतदारसंघ, क्वीन्स आणि ब्राँक्सचे काही भाग मिळून झालेला, असाच पक्का डेमोक्रॅटिक.

आता गंमत बघा. १९९८ मध्ये तिथल्या (तेव्हा त्याचा नंबर वेगळा होता) थॉमस मँटन नावाच्या जुन्या खासदाराने अर्ज भरला, आणि नवीन कुणाला अर्ज भरायची वेळ टळून गेल्यावर मागे घेतला. मग त्याची जागा भरायचा अधिकार पक्षाच्या कमिटीकडे. कमिटीवर वजन कुणाचं? मँटनचंच. कमिटीने जो क्रॉली नावाच्या तरुण आमदाराला उभं केलं. म्हणजे प्रायमरी-बिमरी सगळं पुस्तकात, इथे सरळ ए-बी फॉर्म! हे वाचल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

क्रॉली माणूस वाईट नव्हता. दहा टर्म खासदार, क्वीन्समधल्या पक्षाचा अध्यक्ष, प्रतिनिधीगृहातल्या डेमोक्रॅट्समध्ये चौथ्या क्रमांकाचा नेता. उद्याचा स्पीकर म्हणून नाव घेतलं जायचं. फक्त २००४ नंतर चौदा वर्षं त्याला प्रायमरीत कुणी आव्हानच दिलं नव्हतं. आपल्या भाषेत सांगायचं तर चौदा वर्षं प्रॉडक्शनवर असलेली सिस्टिम, एकदाही लोड टेस्ट न झालेली. सगळे म्हणतात स्टेबल आहे. स्टेबल आहे कारण कुणी हात लावलेला नाही!

आणि हात लावला कुणी, तर २८ वर्षांच्या मुलीने. ब्राँक्समध्ये जन्म, बॉस्टन युनिव्हर्सिटीची डिग्री, २००८ मध्ये वडील गेलेले, मॅनहॅटनच्या एका बारमध्ये नोकरी. तिथे काम करतच प्रचार सुरू केला. मीही आता २८ चाच आहे. माझं आजवरचं राजकीय कर्तृत्व म्हणजे सोसायटीच्या मीटिंगला दोनदा दांडी मारणं.

सगळेजण तिच्या त्या दोन मिनिटांच्या व्हिडिओबद्दल बोलतात. चांगलाच आहे तो. पोस्टरही भारी, तिरप्या अक्षरांचं. पण मला भावलं ते वेगळंच. बॅलटवर नाव यायला पक्षाच्या १२५० मतदारांच्या सह्या लागायच्या. तिकडे सह्यांमधल्या बारीकसारीक चुका काढून नवख्याला बाद करायची जुनी परंपरा आहे, म्हणून त्यांनी पाच हजारांच्या वर गोळा केल्या. ही खरी इंजिनिअरिंग, मार्जिन ठेवून!

दुसरी भानगड दारांची. प्रचाराचं नेहमीचं सॉफ्टवेअर घरांच्या यादीवर चालतं: हे दार, ते दार. न्यूयॉर्कच्या इमारतीत तुम्हाला आतच कोण घेणार? मग तिच्या कॅम्पेनमधल्या लोकांनी 'रीच' नावाचं ॲप बनवलं. रस्त्यात कुणी भेटला की त्याचं नाव टाकायचं, तो मतदार यादीत सापडतो का बघायचं, काय म्हणाला ते तिथेच नोंदवायचं. तिकडच्या यादीत पत्ता, पक्ष आणि आधी कुठल्या निवडणुकांत मत दिलं (कुणाला ते नाही) एवढं सगळं असतं. सर्चची की बदलली, बस्स. घराऐवजी माणूस.

काकांना ७४व्या स्ट्रीटच्या स्टेशनखाली गाठलं ते अशाच एका पोरीने. काका दुकान बंद करून घरी चाललेले. नाव विचारलं, फोनवर टाकलं आणि तिचा चेहराच पडला. काका नागरिक, यादीत नावही होतं, पण फॉर्म भरताना पक्षाचा रकाना कोरा सोडलेला. "आपण धंदेवाले, कशाला कुणाचा शिक्का लावून घ्यायचा?" काकांचं म्हणणं. त्यामुळे प्रायमरीत मत नाही. बदलायचं तर मुदत ऑक्टोबर २०१७ मध्येच संपलेली, निवडणुकीच्या आठ महिने आधी! (नंतर हा नियम थोडा सैल झाला.)

"तरी ती दहा मिनिटं बोलत बसली माझ्याशी," काका म्हणाले. "एवीतेवी मत नाही हे कळल्यावर. चौदा-पंधरा वर्षांत त्या क्रॉलीचं एक पत्रक आलं असेल तर शपथ."

२६ जून २०१८ ला निकाल लागला. ती साधारण ५७ टक्के मतांनी जिंकली. क्रॉलीचा खर्च तिच्या कितीतरी पट. एका डिबेटला तर त्याने स्वतःऐवजी दुसऱ्याच बाईंना पाठवलं होतं. हरल्यावर मात्र त्याने गिटार घेऊन तिच्या नावाने एक गाणं वाजवलं, ते मला आवडलं.

पण आकडे बघितले आणि माझा उत्साह जरा उतरला. तिला १७ हजारांच्या आत मतं, त्याला १३ हजारांच्या. मतदारसंघात राहतात सुमारे सात लाख लोक! पुण्यातल्या एखाद्या चार नगरसेवकांच्या प्रभागात साधारण तेवढे लोक मत देतात. त्या वर्षी राज्याची प्रायमरी सप्टेंबरमध्ये वेगळी होती, त्यामुळे जूनमध्ये कोण येणार? निम्म्यांना तर तारीखच माहीत नसेल. याला क्रांती म्हणायचं की चोख हिशोब? मला वाटतं हिशोब, आणि त्यात कमीपणा काही नाही. क्रॉलीही त्याच कमी मतांच्या जिवावर वीस वर्षं सुखात होता. त्याने लोक येणार नाहीत हे गृहीत धरलं, तिने न येणाऱ्यांपैकी काही हजार आणून दाखवले.

प्रत्येक वेळी जमतं असंही नाही. २०१८ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागांपैकी फक्त चार विद्यमान खासदार प्रायमरीत पडले. 'नॉक डाउन द हाउस' या डॉक्युमेंटरीत तिच्यासारख्याच आणखी तिघी आहेत, तिघीही तेव्हा हरल्या. त्यातली कोरी बुश २०२० मध्ये जिंकली आणि २०२४ मध्ये प्रायमरीतच पडली, म्हणजे तिच्याही दारात कुणीतरी आलंच.

असो. काकांना विचारलं, मग पुढे काय केलंत?

"दुसऱ्याच महिन्यात फॉर्म भरला. डेमोक्रॅट."

आणि २०२० ची प्रायमरी? तेव्हा तिच्याविरुद्ध मिशेल करुसो-कॅब्रेरा उभी होती, टीव्हीवर बिझनेसच्या बातम्या सांगणारी. करोनाचे दिवस, काकांनी पोस्टाने मत दिलं.

"अर्थात तिलाच ना?" मी.

"छे रे! हिचे टॅक्सचे विचार बघितलेस का? मी त्या बिझनेसवाल्या बाईला दिलं."

करुसो-कॅब्रेरा दणकून आपटली. काकांनी हसत हसत माझ्या कपात उरलेला चहा ओतला, आणि २०२२ ला हिच्याविरुद्ध प्रायमरीत कुणीच उभं राहिलं नाही म्हणून पुढची पंधरा मिनिटं तक्रार करत बसले.