कार्निटिन कमी, पण कुणाचं?

पावसाळ्यात आलेलं कार्ड हातात पडलं की प्रयोगशाळेतला मुरलेला माणूस यंत्राकडे वळण्याआधी ते उजेडात धरतो. थेंब कागदाच्या मागच्या बाजूपर्यंत झिरपलाय का, एकावर एक दोन थेंब टाकलेत का, कडेला फिकट वलय उमटलंय का, हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. बाळाच्या टाचेतून घेतलेलं हे रक्त उन्हापासून दूर, कार्ड आडवं ठेवून तीन-चार तास वाळवायचं असतं. दमट हवेत ते तेवढ्यात वाळत नाही, आणि कुरियरवाला तर दारात उभा असतो. ओल आणि उष्णता मिळाली की ॲसिलकार्निटिनं, म्हणजे मेदाम्ल चिकटलेली कार्निटिनं, हळूहळू फुटतात, त्यांतून फ्री कार्निटिन सुटं होतं. आजार दाखवणारा आकडा खाली येतो आणि कमतरता सांगणारा आकडा वर चढतो. खराब सॅम्पलमुळे उगीच भीती वाटली तर रिपीट मागवून भागतं. खोटा दिलासा मिळाला तर पुन्हा मागवायचं कुणाच्या मनातही येत नाही.

कार्निटिन म्हणजे पेशीतला हमाल. लांब साखळीची मेदाम्लं त्याच्या पाठीवर बसल्याशिवाय मायटोकॉन्ड्रियात शिरत नाहीत. पोट भरलेलं असताना याची उणीव सहसा जाणवत नाही. ताप, उलट्या, रात्रभर उपास झाला की साखर संपते, चरबी जाळायची वेळ येते आणि तिथेच गाडं अडतं. साखर घसरते, यकृत सुजतं, मूल बेशुद्ध पडतं. काहींच्या हृदयाचा स्नायू हळूहळू थकत जातो.

कार्डातून 3.2 मिलिमीटरची चकती पंच करून घेतात. त्यात जेमतेम 3 मायक्रोलिटर रक्त असतं. ती मिथेनॉलमध्ये भिजवतात. त्या मिथेनॉलमध्ये ड्युटेरियम लावलेलं कार्निटिन ठरावीक प्रमाणात आधीच घातलेलं असतं. टॅन्डम मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात बाळाचं कार्निटिन 162 वर दिसतं, हे जड कार्निटिन 165 वर, आणि दोघांची तुलना करून प्रमाण काढतात. यंत्र रेणू फोडतं तेव्हा कार्निटिनचा जवळपास प्रत्येक भाईबंद 85 वजनाचा तुकडा मागे टाकतो. त्या तुकड्याचा माग काढत गेलं की दोन-तीन मिनिटांत सगळं कुटुंब एका ग्राफवर उभं राहतं. 288 वरचा उंच पीक मध्यम साखळीची मेदाम्लं न जाळता येणारं मूल दाखवतो.

246 मात्र फसवं आहे. तिथे आयसोव्हॅलेरिल कार्निटिन दिसतं, म्हणजे एका गंभीर आजाराची खूण. आणि नेमक्या त्याच वजनावर पिव्हॅलॉयल कार्निटिनही येतं. ते येतं काही अँटिबायोटिक्समधून. सेफडिटोरेन पिव्हॉक्सिलसारख्या औषधातलं पिव्हॅलिक आम्ल कार्निटिनला चिकटून लघवीवाटे बाहेर पडतं. बाळंतपणाआधी आईने असा कोर्स घेतला असेल, तर ठणठणीत बाळाच्या ग्राफवर आजार उमटू शकतो. फॉर्मवर आईच्या औषधांची ओळ कोरी आली की वॉर्डात फोन करणं भागच असतं.

आईचा संबंध इथेच संपत नाही. बाळ कार्निटिन वारेतून आईकडून घेतं, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा आकडा बराचसा तिचाच असतो. बाळाचं कार्निटिन फारच कमी निघालं म्हणून आईचं रक्त तपासावं, तर कधीकधी जन्मजात कमतरता तिच्यातच सापडते; तिला आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो. अशा घरी ‘तुम्ही शाकाहारी ना, म्हणून’ असं सांगून मोकळं होणं सोपं असतं. पण शाकाहाराने पातळी थोडी खाली जाते, इतकंच. शरीर लायसिन आणि मेथिओनिनपासून कार्निटिन स्वतः बनवतं आणि मूत्रपिंडं ते जपून परत घेतात. प्लाझ्मात एरवी 25 ते 50 मायक्रोमोल असणारं फ्री कार्निटिन 5 च्या खाली गेलं असेल, तर ताटाला दोष देण्यात अर्थ नाही. SLC22A5 या जनुकाकडे वळावं.

या जनुकातल्या बिघाडाचं सगळ्यात मोठं प्रमाण सापडलं ते उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर: सुमारे 300 माणसांत एक. पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचा हा मुलूख. तिथे काही तरुण अचानक दगावले. त्यांच्यातल्या काहींनी नुकतंच पिव्हॅलिक आम्लाचं अँटिबायोटिक घेतलं होतं. आधीच रोडावलेला साठा औषधाने आणखी उपसला. मग बेटांनी लहानथोर सगळ्यांसाठी तपासणी खुली केली आणि 26,462 जणांचं कार्निटिन मोजलं गेलं.

त्यात कमतरता असलेली, पण धडधाकट वाटणारी मोठी माणसंही निघाली. त्यांनी जन्मभर औषध घ्यावं का? ज्याचं हृदय पहिलं लक्षण म्हणून थेट बंद पडू शकतं, त्याला लक्षणांची वाट पाहायला सांगणं धाडसाचंच. उपचार तसा साधा आहे: एल-कार्निटिन, दिवसातून तीन-चार वेळा विभागून. एक अडचण तेवढी उरते. आतड्यातले जंतू त्यातल्या काही भागाचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि घामाला मासळीचा वास येतो. रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख नसतो, पण शाळेच्या बाकावर शेजारी बसणाऱ्याला तो जाणवतो. डोस थोडा कमी केला तर वास कमी होतो; मग मोजणाऱ्याला पुन्हा रक्त मागवून पाहावं लागतं, की तेवढ्यावर हृदयाचं भागतंय ना.