इंग्रजी येतं, पण बोलता येत नाही

गेल्या आठवड्यात पुतणीला घेऊन बुधवार पेठेत गेलो होतो. पोरगी बीकॉम झालीय, इंग्रजीत मार्क चांगले. पण मुलाखतीत गप्प बसून आली. म्हणाली, "काका, मनात मराठी वाक्य येतं, त्याचं भाषांतर करेपर्यंत समोरचा पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो."

अप्पा बळवंत चौकात पुस्तकं चाळताना मला माझाच एक प्रसंग आठवला. पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो. एका परदेशी पाहुण्याला म्हणालो, "गिव्ह मी युवर कार्ड." त्याचा चेहरा पडला. माझ्या मनात मात्र "कार्ड द्या ना" असंच होतं!

आपला आदर 'द्या'मध्ये असतो, 'ना'मध्ये असतो. इंग्रजीत पोराला आणि कलेक्टरला एकच 'गिव्ह'. म्हणून तिथे "कुड आय हॅव युवर कार्ड?" म्हणावं लागतं. हे तर्खडकरांची भाषांतरमाला पाठ करूनही मला कळलं नव्हतं.

दुसरं उदाहरण तर महागात पडणारं. 'यानंच पैसे खाल्लेत अशी मला शंका आहे' हे आपण 'आय डाउट' लावून सांगतो. इंग्रजी माणूस नेमकं उलटं समजतो, की यानं खाल्ले असतील असं मला वाटत नाही. तिथे 'आय सस्पेक्ट' हवं. बातमीत ही चूक झाली तर विचारूच नका.

२००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पुतणी त्यातलीच. इतकी वर्षं तिनं गाळलेल्या जागा भरल्या, निबंध पाठ केले. वर्गात उभं राहून दोन वाक्यं स्वतःची बोल, असं कुणी म्हटलं नाही. बोलली आणि चुकली, तर वर्ग हसायचा.

चौकापासून थोड्याच अंतरावर भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ साली मुलींची शाळा तिथे सुरू झाली. सावित्रीबाईंनी १८५४च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो शूद्रातिशूद्रांना मान वर करून जगता यावं म्हणून. आणि आज शिकलेली पोर इंग्रजीपायीच मान खाली घालून येते.

आम्ही रोजच्या संभाषणांचं एक पातळ पुस्तक घेतलं. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं दोघं बोलतो. मीही चुकतो, ती मला सुधारते. हसायचं नाही, एवढाच नियम.

तुमच्या गावच्या शाळेत पोरं इंग्रजी बोलतात का हो? शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत एवढं तरी विचारा.