आरशावरचा दिवा

बाथरूममध्ये आरसा, आरशामागे कपाट आणि कपाटाच्या कपाळावर दिवा ही त्रिमूर्ती हल्ली प्रत्येक ब्लॉकमध्ये असते. कपाटात दाढीचं सामान, पिळून पिळून चपट्या झालेल्या मलमाच्या ट्यूबा आणि लेबल पुसलं गेलेली एक तरी बाटली असते. दिव्याचं काम एवढंच, की सकाळी उठल्याबरोबर माणसाला त्याचं तोंड दाखवायचं. हे काम कोणी फार दिवस मनापासून करील अशी अपेक्षाच धरू नये.

आमच्या दिव्यानं अडीच वर्षं केलं. मग त्याला दोन खोडी लागल्या. लावला की मधूनच लुकलुकायचा. कपाटाचं दार आपटलं की जायचा, पुन्हा आपटलं की यायचा. ही झाली पहिली. दुसरी खोड अशी, की बंद केला तरी पुरता बंद व्हायचाच नाही. रात्री दोन वाजता जाऊन पाहावं, तर तेल संपत आलेल्या समईसारखा आपला मिणमिणतोय!

घरात मतभेद झाले. हिचं म्हणणं, बिल वाढतंय ते यामुळंच. चिरंजीवांनी मोबाइलवरून डोळे न काढता निदान केलं, "बाबा, माल चायनीज असणार." आमचे अण्णा ऐंशीचे. रेडिओला डाव्या अंगानं थाप मारल्याशिवाय तो बातम्या देत नसे, त्या काळात त्यांची जडणघडण झालेली. त्यांनी दिव्याला थापा द्यायला सुरुवात केली. आणि गंमत म्हणजे दिवा ऐकायचा!

हे हसण्यावारी गेलंही असतं. पण एका सकाळी अण्णा हनुवटीला वर्तमानपत्राचे दोन कपटे चिकटवून चहाला आले. दाढी करताना ऐन वळणावर दिवा गेला होता. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ओल्या हातानं थापा चाललेल्या. कपाट पत्र्याचं, खाली पाणी आणि भिंतीत २३० व्होल्ट. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मार्च महिन्यात! बँकेत ज्यानं कधी नोकरी केली असेल, त्यालाच या वाक्याचं वजन कळेल.

दोन वायरमनना फोन केले. एक म्हणाला "निघालोच", दुसरा म्हणाला "पोचलोच". दोघांचाही प्रवास अजून चालू आहे.

आता आम्ही कॉमर्सची माणसं. बेरीज जुळली नाही, तर काय करायचं ते आम्हांला ठाऊक असतं. फरकाला ९ ने भागून बघायचं. भाग गेला, तर कोणीतरी ५४ चे ४५ केलेले असण्याचा संभव. नाही तर फरक निम्मा करायचा आणि तेवढ्या रकमेची नोंद जमेऐवजी नावे पडलीय का ते हुडकायचं. पण दिव्याला भागायचं कशानं?

शेवटी समोरच्या ब्लॉकमधल्या काकांना बोलावलं. काका वीजमंडळातून निवृत्त झालेले. मंडळाच्या २००५ साली चार कंपन्या झाल्या, पण काकांना हे वाटप मान्य नाही. ते स्वतःला अजून मंडळाचेच म्हणवतात. रबरी चपला, खिशात टेस्टर आणि हातात टॉर्च अशा थाटात ते आले. आधी दिव्याची पट्टी बदलून पाहिली. नवी पट्टीही तितकीच लुकलुकली आणि तितकीच मिणमिणली. "दिवा निर्दोष," काका म्हणाले, आणि बटण बंद करून त्यांनी टेस्टर एका तारेला लावला. पेटला. दुसऱ्या तारेला लावला. तिथंही पेटला!

"बटण न्यूट्रलवर बसवलंय लेकाच्यानं."

मग त्यांनी समजावलं. बटणानं फेजला, म्हणजे येणाऱ्या विजेला, दारातच अडवायला हवं. आमच्याकडे ती सरळ आत येऊन दिव्यात बसत होती आणि बटण तिचं फक्त परत जायचं दार लावत होतं. आपण समजायचं, गेली. ती कुठली जातेय! शेजारून जाणाऱ्या तारांतून, भिंतीच्या ओलाव्यातून थोडीशी झिरपते, आणि तेवढ्यावर एलईडी मिणमिणतो. पूर्वीचा ६० वॅटचा पिवळा बल्ब असता, तर एवढ्याशानं त्याची तार तापलीही नसती आणि हा प्रकार जन्मात कोणाला कळला नसता. म्हणजे आम्ही ज्याला रोज शिव्या देत होतो, तो बिचारा महिनाभर आमच्याकडे खरी तक्रार नोंदवत होता. बँकेतही असंच चालतं, पण ते जाऊ द्या.

मेन स्विच पाडला. घर अंधारात. मी टॉर्च धरला, चिरंजीवांनी मोबाइलचा उजेड पाडला, अण्णांनी सूचना पुरवल्या आणि ही दारातून "जपून हं" म्हणत राहिली. बोर्डातल्या तारांची अदलाबदल झाली. लुकलुकण्याचं मूळ कपाटाच्या मागे सापडलं : गरम पाण्याच्या वाफेनं कनेक्टरचा स्क्रू हिरवा पडून सैल झाला होता. तारेचं टोक कापून, साफ करून नव्या कनेक्टरमध्ये आवळलं. बिघाड संपला.

तेवढ्यात काकांच्या हाताला आणखी एक तार लागली. हिरवी. अर्थिंगची. कपाटाला ती जोडलेलीच नव्हती. छान गुंडाळी करून मागे खोचून ठेवलेली. काका सकाळपासून पहिल्यांदाच गप्प झाले. मग हळूच त्यांनी विचारलं, "अण्णा यालाच थापा मारायचे?"

मी मान हलवली. आम्ही दोघंही काही बोललो नाही. ती तार काकांनी स्वतः जोडली, दोनदा ओढून पाहिली, आणि मग मलाही ओढून पाहायला लावली.

काकांनी पैसे घेतले नाहीत. दोन बशा पोहे आणि तीन कप चहा घेतला. त्या नव्या उजेडात हिनं कपाटातल्या अकरा बाटल्या मुदत संपलेल्या म्हणून बाहेर काढल्या. त्यांपैकी एकीतून मी परवापर्यंत खोकल्याचं औषध घेत होतो.

अण्णा मात्र आरशासमोर बराच वेळ उभे होते. डावा गाल पाहिला, उजवा पाहिला, हनुवटी चाचपली. मग आतूनच ओरडून विचारलं,

"अरे, माझ्या भुवया कधी पांढऱ्या झाल्या रे?"