राखेतलं बियाणं

सॅन होजेत मुलगा राहतो. तिथून बिग बेसिन तासाभराच्या अंतरावर. पहिल्यांदा रेडवुडच्या त्या राईत शिरले तेव्हा हात आपसूक चपलांकडे गेला होता. देवराईत जातो तसा. तीनशे फुटांवर कुठेतरी शेंडे, खाली हिरवा अंधार, पावलाचा आवाज गिळणारा पाल्याचा थर. काही झाडं हजार वर्षांपलीकडची. १९०२ साली राखलेलं हे कॅलिफोर्नियातलं सगळ्यात जुनं राज्य उद्यान.

१६ ऑगस्ट २०२० च्या पहाटे पावसाविना विजा पडल्या आणि दोन दिवसांत वणवा इथवर आला. उद्यानाचा ९७ टक्के भाग होरपळला. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, गाडीवर राख पडतेय गं." त्या राखेत कुठलं झाड असेल, या विचाराने मला रात्रभर डोळा लागला नाही.

२०२२ साली उद्यान थोडंसं उघडलं, तेव्हा पुन्हा गेले. वर आभाळच आभाळ. पूर्वी कधी न पोचलेलं ऊन थेट जमिनीवर. डग्लस फर वाळून उभे होते. ते आता येणार नाहीत. रेडवुडच्या जाड जुन्या फांद्यांवर म्युरलेट नावाचा समुद्रपक्षी अंडं घालतो. तशी फांदी तयार व्हायला शतकं लागतात. पाखरानं तोवर जायचं कुठे?

एका झाडाला हात लावला. फूटभर जाडीची साल, नारळाच्या सोडणासारखी तंतुमय, वरून कोळसा. या झाडात राळ जवळजवळ नसते, म्हणून आग सालीत धुमसते पण सहसा गाभ्यापर्यंत जात नाही. आणि त्या कोळशातूनच कोंब फुटलेले. बुंध्यापासून थेट वरपर्यंत, फांद्या नसलेल्या खोडावर नुसती हिरवी लव. एक कोंब चिमटीत धरला. इतका मऊ, की बोटांवरच्या काजळीची मला लाज वाटली.

ऊस लावताना कांडीवरच्या कोंबाच्या जागेला आपण डोळा म्हणतो. असे डोळे रेडवुडच्या सालीखाली शतकानुशतकं मिटून पडलेले असतात. पण पान एक उरलं नाही, तर झाडानं अन्न कुठून आणलं? शास्त्रज्ञांनी इथल्या काही कोंबांवर काळं प्लास्टिक गुंडाळलं, नवं ऊन लागूच नये म्हणून. तरीही कोंब वाढले. तपासले, तर काहींमधला कार्बन ५० वर्षांहून जुना निघाला. झाडानं तेव्हाच्या उन्हाची साखर करून पोटात जपून ठेवली होती.

पन्नास वर्षं म्हटल्यावर मला दुसरं काही आठवणंच शक्य नव्हतं. १९७२. मी नऊ वर्षांची. विहिरीला तळ दिसत होता, घरात लाल मिलोच्या भाकरी, आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. कोपऱ्यात एक मडकं होतं. त्यात बियाण्याची ज्वारी, किडू नये म्हणून चुलीच्या राखेत घालून ठेवलेली. आम्ही भुकेनं रडलो तरी आईनं त्या मडक्याचं तोंड उघडलं नाही. पुढच्या मृगात तिनं ते अंगणात आणलं, राख पाखडली, आणि दाणे माझ्या ओंजळीत ओतले.