भोपळा आणि फळी

सोलापूरच्या माणसाला समुद्राविषयी कोणी सल्ला विचारू नये. आमच्याकडे पाणी म्हणजे सिद्धेश्वराचा तलाव, नाहीतर नळाला येईल तेव्हा येणारे. तरीही परवा गोव्याहून भाच्याचा फोन आला, "मामा, दोन फळ्या बघून ठेवल्यात. तुम्ही सांगाल ती घेतो."

पोरगा मोरजीला असतो. तिथे छापोरा नदी समुद्राला मिळते. आपण पतंग उडवतो. तिथे पतंग माणसाला उडवतो! पतंगाच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, पाय फळीच्या पट्ट्यांत घालायचे आणि वाऱ्याच्या ओढीने पाण्यावरून धावायचे. दुपारी नदीच्या मुखाशी तो नवशिक्यांना शिकवतो, मग स्वतः लाटांवर जातो. पैसे एकाच फळीपुरते. त्यांतले निम्मे अक्काने विड्या वळून साठवलेले.

मला विचारण्यात त्याचे धाडसच म्हणायचे. तो आठ वर्षांचा असताना त्याला विहिरीत पोहायला मीच उतरवले होते. तीन सुक्या भोपळ्यांतून चांगला गरगरीत भोपळा मी निवडला, मीच पाठीला बांधला. गाठ सुटली. भोपळा एकीकडे, पोर एकीकडे! रानातल्या गड्याने उडी टाकून काढले. "आईला सांगू नकोस हं," म्हणून मी त्याच्या हातावर गूळ ठेवला. त्याने सांगितले नाही. मीही नाही.

तेव्हा या खेपेला मी मास्तरकीने एकेक प्रश्न विचारला. लाटांसाठी खरी फळी वेगळीच असते, तो म्हणाला. तिचे पुढचे टोक निराळे, मागचे निराळे. ती स्वतः तरंगते, म्हणून पतंगाची ओढ कमी करून नुसत्या लाटेच्या जोरावर जाता येते. पण दिशा फिरवली की पायांची अदलाबदल आली. शिकवायला ती गैरसोयीची. त्याला हवी ती दोन्ही टोके सारखी असलेली, जेवणाच्या पाटासारखी. पाटाला कुठे पुढचे-मागचे असते? ती मात्र पतंगाच्या ओढीवाचून बुडते; लाटेवरही पतंग ताणलेलाच ठेवावा लागतो.

एक फळी 136 सेंटिमीटरची, कोरी, ताठ, जवळजवळ सपाट. दुसरी 142ची, वापरलेली, रंग उडालेली. टोके गोलसर आणि वर उचललेली, अंगाने लवचीक, खालचे पर जरा मोठे. त्याचा जीव पहिलीवर.

"ती पळते, मामा. वाऱ्याच्या तोंडाकडेही छान चढते. उड्या तर—"

"आणि लाटेवर?"

तो थांबला. सपाट फळीचे टोक लाटेच्या उतारावर पाण्यात रुतते. ताठ फळी खळबळीत गुडघ्यांना हादरे देते. उचललेल्या टोकांची थोडी मंद, पण पाण्यावरून अंग मोडून जाते; मोठे पर उतारावर घसरू देत नाहीत. हे सगळे त्यानेच सांगितले. मी फक्त म्हटले, "मग रंग कशाला बघतोस?" मागे मीही भोपळ्याचा गरगरीतपणाच पाहिला होता, गाठ नव्हे. हे मात्र बोललो नाही.

त्याने 142ची घेतली. उरलेल्या पैशांत कमरेचा नवा पट्टा.

अक्काला सांगायचे काम माझ्याकडे. सुपातली तंबाखू बाजूला सारून ती म्हणाली, "बोर्ड घेतला? दुकान काढतोय का?"

मी पाट पालथा घालून समजावले. फळी पायांना जखडलेली नसते, पडला की पाय आपोआप निघतात. पतंग आवरेनासा झाला तर छातीपुढची कळ ढकलायची, की त्याची ओढ तुटते. सगळी सुरक्षितता त्या सुटण्यातच आहे.

अक्काने एक विडी वळून दोरा गुंडाळला.

"सुटायलाच पाहिजे होय?" ती म्हणाली. "मग बांधायला तुलाच न्यायचं होतं की."

मी तिच्याकडे पाहिले. ती पुढचे पान कातरत होती.